पानावर कोण आले नाही?

बडोद्यातील जुन्या मराठी घरांत ‘मुलगा बाहेर शिकतो ना, कसा आहे?’ असे विचारले, की उत्तर ठरलेले असते : ‘मजेत आहे, गुण चांगले पडले.’ गुण पडले म्हणजे मुलगा मजेत असतो, हे समीकरण आपण कधी तपासून पाहिले आहे काय?

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली देशात १३,०४४ विद्यार्थी आत्महत्येने गेले. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला की, शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेने निदान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा. आदेश स्वागतार्हच आहे. परंतु खुर्ची मांडली म्हणून खचलेला मुलगा तिच्यासमोर जाऊन बसेलच, असे नाही. झोप उडते, जेवण चुकते, मित्र नकोसे होतात. आणि मदत मागण्याचे बळ नेमके तेव्हाच उरत नाही. म्हणून ते दुसऱ्या कोणाच्या तरी ध्यानात यावे लागते.

येथे मला वार लावून जेवण्याची जुनी रीत आठवते. परगावचा गरीब विद्यार्थी रोज एकेका घरी जेवे. त्या रीतीचे गोडवे मी गाणार नाही. तीत मिंधेपण होते आणि जातीमुळे अनेकांना ती दारे बंदच होती. पण मुलगा पानावर आला नाही, तर त्याच दिवशी कोणाला तरी कळे. आजच्या खानावळीत पैसे आगाऊ भरलेले असतात. आठ दिवस ताट रिकामे राहिले तरी हिशेबात काही बिघडत नाही.

दुसरी अडचण आपल्या उंबऱ्याच्या आतली. ‘आमच्या घराण्यात असले काही नाही,’ हे वाक्य आपण अभिमानाने उच्चारतो आणि मुलाचे तोंड बंद करतो. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने उपचारांची माहिती गुप्त राखण्याचा हक्क दिला आणि विम्यात मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्या बरोबरीने स्थान द्यावयास लावले. कायद्याने दोघांना एका पंगतीत बसविले; आपण मात्र अजून एकाचे पान वेगळे मांडतो.

तेव्हा गुणांच्या आधी झोपेची आणि जेवणाची चौकशी करावी, आणि उत्तर ऐकून घ्यावे. सयाजीराव विद्यापीठात १९४९ पासून परगावची मुले येत आली आहेत. त्यांपैकी एखाद्याला रविवारी जेवायला बोलवावे, उपकार म्हणून नव्हे, ओळख म्हणून. मन फारच बुडाले असेल, तर ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘टेली-मानस’चा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस विनामूल्य चालतो, तेथे मराठीतही बोलता येते. तो घरात दूरध्वनीपाशी लिहून ठेवावा, मुलांना दिसेल असा. त्यावरून एवढे तरी त्यांना कळेल, की या घरात ही गोष्ट बोलता येते.