पार्टनर निवडायचा नाही

संध्याकाळी सात ते नऊच्या बॅचला कुठल्याही बॅडमिंटन हॉलवर ‘आमचे चौघे झाले’ हे वाक्य हमखास कानावर येते. वाक्य साधे आहे, पण त्याचा अर्थ बाकावरच्या पाचव्या माणसाने समजून घ्यायचा असतो. चौघे म्हणजे बॅचमधले चांगले चौघे. ते आपसात एक गेम खेळतात, मग दुसरी, मग ‘एक-एक झाली, आता फायनल होऊन जाऊ दे’ म्हणून तिसरी. तेवढ्यात बाकावरच्यांची रॅकेटची ग्रिप दोनदा नव्याने गुंडाळून होते. कोणी कोणाला नको म्हणत नाही. आपल्याकडे तोंडावर नको म्हणायची पद्धतच नाही; आपण ‘तुम्ही घ्या ना पुढची’ म्हणतो.

हौशी दुहेरीतली बरीचशी कटकट पार्टनर निवडण्याच्या हक्कातून येते, आणि म्हणून तो हक्क खेळाडूंकडून काढून घ्यावा, असे माझे मत आहे. रोजच्या खेळात ते जमणार नाही, हे मान्य. पण वर्षातून दोन-चारदा ज्या स्पर्धा होतात, सव्वीस जानेवारीच्या, सोसायटीच्या वर्धापनदिनाच्या, जिमखान्याच्या, तिथे तरी जमायला हरकत नाही.

या स्पर्धा आज होतात कशा? ‘जोडी स्वतःची आणावी, प्रवेश फी जोडीमागे, सामने बाद पद्धतीने.’ सोळा जोड्या आल्या की पहिल्या फेरीतच आठ जोड्या घरी जातात. म्हणजे बत्तीसपैकी सोळा माणसे रविवारी पहाटे उठून, पांढरे बूट घालून येतात आणि एक सामना खेळून साडेनऊला पोह्यांच्या रांगेत उभी राहतात. फायनलला कोण येणार, हे वॉचमननेही आदल्या रात्री सांगितले असते. जिंकणाऱ्यांना करंडक मिळतो, तो त्यांच्याकडे मागच्या वर्षीचाही असतो. आणि जोडी जमवायच्या आठवड्यात जे फोन होतात, ‘मी आधीच हो म्हणून बसलो हो’, ‘ह्यांचा गुडघा दुखतोय म्हणून विचारलं नाही’, त्यांची नोंद कुठेच होत नाही. ज्याला कोणीच फोन केला नाही, तो त्या रविवारी गावाला जातो.

यावरचा उपाय कोणाला नव्याने शोधायचा नाही. पॅडल खेळणाऱ्यांनी तो जगभर रूढ केला आहे. पॅडल म्हणजे काचेच्या भिंतींच्या आत खेळला जाणारा, टेनिस आणि स्क्वॉशच्या मधला खेळ. १९६९ साली मेक्सिकोतल्या अकापुल्कोत एन्रिके कॉर्कुएरा यांनी आपल्या घरी त्याचे पहिले कोर्ट बांधले. आता मुंबई-पुण्यातही त्याची कोर्टे झाली आहेत आणि ताशी भाडे ऐकून माणूस पुन्हा बॅडमिंटनकडे वळतो. या पॅडलवाल्यांकडे ‘अमेरिकानो’ नावाचा एक प्रकार चालतो. नाव एकट्याने द्यायचे, जोडी आणायची नाही. दर फेरीला पार्टनर बदलतो, आणि जोडीने मिळवलेले पॉइंट दोघांच्या नावावर स्वतंत्रपणे चढतात. ही भिशीसारखी गोष्ट आहे: प्रत्येकाचा नंबर लागणार, आणि कधी लागणार ते आधीच ठरलेले.

पिकलबॉल, बॅडमिंटन, टेबल टेनिस, कशालाही हे लागू पडते. फक्त वेळापत्रक नीट हवे, आणि इथेच आपले आयोजक घाई करतात. चिठ्ठ्या उचलून दर फेरीला जोड्या लावल्या की झाले, असे त्यांना वाटते. तिसऱ्या फेरीतच कळते, की एकाला तोच पार्टनर पुन्हा आला आणि एक जण त्याच दोघांसमोर तिसऱ्यांदा उभा आहे.

आठ जणांचा हिशेब बघा. आठ जणांतून अठ्ठावीस जोड्या होतात. एका सामन्यात दोन जोड्या लागतात, म्हणजे चौदा सामने, म्हणजे दोन कोर्टांवर सात फेऱ्या. एवढ्यात प्रत्येक जण बाकीच्या सातही जणांबरोबर एकेकदा आणि प्रत्येकाविरुद्ध बरोबर दोनदा खेळू शकतो. त्याची किल्ली इथेच देतो, कागदावर उतरवून घ्या. खेळाडूंना १ ते ८ नंबर द्या. पहिली फेरी: एका कोर्टवर ८ आणि ७ विरुद्ध १ आणि ३, दुसऱ्यावर २ आणि ६ विरुद्ध ४ आणि ५. पुढच्या प्रत्येक फेरीत आठ नंबर जागचा हलवायचा नाही. बाकी सगळ्यांत एक मिळवायचा, आणि सातनंतर पुन्हा एक. म्हणजे दुसरी फेरी ८ आणि १ विरुद्ध २ आणि ४, आणि ३ आणि ७ विरुद्ध ५ आणि ६. सात फेऱ्या लिहून झाल्या की कुठलीही जोडी दोनदा आलेली दिसणार नाही.

कोर्ट एकच असेल आणि माणसे पाच, तर त्याहून सोपे. पहिला बसला की २ आणि ५ विरुद्ध ३ आणि ४. मग सगळ्यांत एक मिळवत जायचे, पाचनंतर पुन्हा एक. पाच सामन्यांत प्रत्येक जण चार खेळतो, एकदा बसतो, चौघांबरोबर एकेकदा जोडी होते. बसलेल्याने पॉइंट मोजायचे, म्हणजे मोजणारा शोधायला नको.

पॉइंटचे म्हणाल तर एकवीसपर्यंत खेळू नका. सामन्याचे एकूण पॉइंट ठरवा, समजा चोवीस. तेरा-अकरा झाले की तेरावाल्या दोघांच्या खात्यात तेरा-तेरा, अकरावाल्यांच्या खात्यात अकरा-अकरा. बारा-बारा झाले तर बरोबरी, तीही चालते. यात दोन गोष्टी साधतात. सगळी कोर्टे साधारण एकाच वेळी मोकळी होतात, आणि सामना हरल्यावरही शेवटचा पॉइंट खेळण्याजोगा राहतो. एकवीसच्या गेममध्ये अठरा-सहा झाल्यावर हरणारा मनाने घरी पोहोचलेला असतो. इथे सहाचे सात करण्याला किंमत आहे. बॅडमिंटनमध्ये २००६ पासून सर्व्हिस कोणाचीही असो, पॉइंट मिळतो, म्हणूनच हे शक्य झाले. जुन्या पंधराच्या पद्धतीत नुसती सर्व्हिस बदलत राहायची आणि एकेक गेम पाऊण तास रेंगाळायची. शिवाय फळ्यावरची बेरीजही ताडून बघता येते: आठ जणांच्या सात फेऱ्या संपल्यावर सगळ्यांचे मिळून ६७२ पॉइंट भरले पाहिजेत. कमी-जास्त भरले, तर कोणीतरी कुठेतरी प्रेमाने आकडा लिहिला आहे.

उशिरा येणाऱ्यांसाठी एकच नियम: वेळापत्रक नंबरांचे असते, माणसांचे नसते. पाच नंबरवाला वीस मिनिटे उशिरा आला, तर तोवर जो हजर असेल तो पाच नंबर म्हणून खेळेल आणि पाच नंबरला त्या फेरीचे पॉइंट मिळणार नाहीत. एवढे सुरुवातीलाच जाहीर केले की पुढच्या वेळी माणसे वेळेवर येतात. पुण्यातसुद्धा.

आता आक्षेप. आमच्या बॅचला बँकेतून निवृत्त झालेले एक काका आहेत, त्यांना हे अजिबात पटत नाही. ‘अहो, दुहेरी म्हणजे समजूत लागते. मागचं कोणी घ्यायचं, पुढे कोणी जायचं, हे दहा मिनिटांत जमतं होय?’ काकांचे अर्धे बरोबर आहे. दुहेरी ही समजुतीची कला आहेच. पण ती समजूत फक्त आपण निवडलेल्या माणसाबरोबरच होते, हे मला पटत नाही. सात्विकसाईराज रंकीरेड्डी आणि मुंबईचा चिराग शेट्टी यांची जोडी पाहा. २०२२ चा थॉमस कप जिंकणाऱ्या संघात ते होते, २०२३ मध्ये हांगझोऊला आशियाई सुवर्ण मिळाले, त्याच वर्षी ते जगात पहिल्या क्रमांकावर गेले. ही जोडी त्यांनी आपणहून जमवलेली नव्हती; मलेशियन प्रशिक्षक तान किम हर यांनी लावून दिली, आणि तीही दोघे मागून स्मॅश मारणारे असताना. काका यावर म्हणाले, ‘ते वेगळं.’ वेगळे आहेच. पण सात फेऱ्यांत सात पार्टनर मिळालेला माणूस एका सकाळी जेवढे शिकतो, तेवढे एकाच भिडूबरोबर वर्षभर खेळून शिकत नाही. सर्व्हिसनंतर पुढे जाणाऱ्यामागे कसे उभे राहायचे, डावखुऱ्याबरोबर मधली शटल कोणाची, ज्याचा बॅकहँड नाही त्याला झाकायचे कसे. आणि हरल्यावर रुसायचे कोणावर? पार्टनर दहा मिनिटांपुरता होता, आता तो समोर उभा आहे.

पॅडलमध्येच ‘मेक्सिकानो’ म्हणून याचा एक भाऊ आहे. त्यात दर फेरीनंतर गुणतक्ता लावतात आणि पहिले चौघे एका कोर्टवर, पुढचे चौघे दुसऱ्यावर अशी वाटणी करतात. बहुधा पहिला आणि चौथा विरुद्ध दुसरा आणि तिसरा. सामने चुरशीचे होतात, हे खरे. ज्या गटात राज्य पातळीवर खेळलेला मुलगा आणि गेल्या महिन्यात रॅकेट घेतलेल्या वहिनी दोघेही असतील, तिथे तो मुलगा कंटाळणार नाही, हेही खरे. पण दोन फेऱ्या झाल्या की ‘आमचे चौघे झाले’ तिथेच परत येतो, फक्त आता अ‍ॅपच्या सहीशिक्क्यानिशी. शिवाय पुढची फेरी कोणालाच आधी माहीत नसते, सगळे मोबाइल धरलेल्या माणसाभोवती गोळा होतात. मला भिंतीवर चिकटवलेला कागद आवडतो. त्याच्याशी वाद घालता येत नाही.

मात्र हा कागद दरवेळी जमत नाही, आणि ते आयोजकाने नावे घेतानाच ओळखले पाहिजे. चार, पाच, आठ, नऊ, बारा, तेरा: चाराने भागून काही उरत नसेल किंवा एक उरत असेल, तर सगळ्यांची सगळ्यांबरोबर जोडी लावता येते. १८९६ मध्ये ई. एच. मूर हे अमेरिकन गणिती व्हिस्ट या पत्त्यांच्या खेळासाठी नेमका हाच प्रश्न सोडवत बसले होते; चौघांचे टेबल काय आणि चौघांचे कोर्ट काय, हिशेब एकच. पण सहा जण आले तर जोड्या होतात पंधरा, सात आले तर एकवीस. एका सामन्यात जोड्या दोन-दोननेच संपतात, म्हणून शेवटी एक जोडी उरतेच. दहा आणि अकरालाही तेच. अशा वेळी कोणाची कोणाबरोबर जोडी राहणार, ते आधीच सांगून मोकळे व्हावे. नंतर कळले की त्यात लोकांना हेतू दिसतात.

खरी गंमत मिश्र दुहेरीत आहे. नवरा-बायकोने एकत्र खेळायचे नाही आणि एकमेकांविरुद्धही नाही, पण बाकी प्रत्येक परक्या स्त्रीबरोबर प्रत्येक पुरुषाने एकदा खेळायचे आणि एकदा तिच्याविरुद्ध, शिवाय पुरुष-पुरुष आणि बायका-बायका एकेकदा समोरासमोर आले पाहिजेत. ही अट कोण्या सोसायटीच्या सेक्रेटरीने घातलेली वाटेल, पण गणितात तिचा रीतसर अभ्यास झाला आहे. तिसरा नवरा पाचव्या नवऱ्याविरुद्ध खेळताना पार्टनर कोण, हे एकेका घरात लिहीत गेले की अंकांचा एक चौकोन तयार होतो. ओळीत किंवा रकान्यात एकही अंक दोनदा येत नाही. त्याला लॅटिन चौकोन म्हणतात. १९७४ मध्ये ब्रेटन, कॉपरस्मिथ आणि हॉफमन या तिघांनी दाखवले, की दोन, तीन आणि सहा हे आकडे सोडले तर कितीही जोडप्यांसाठी असे वेळापत्रक बनते.

सहा या आकड्याचा लॅटिन चौकोनांशी जुनाच दावा आहे. ऑयलरने अठराव्या शतकात छत्तीस अधिकाऱ्यांचे कोडे घातले होते, सहा रेजिमेंट आणि सहा हुद्दे, ते सुटतच नाही. त्यावरून दहा, चौदा वगैरेंनाही ते सुटणार नाही, असा त्याने अंदाज बांधला. तो अंदाज १९५९ मध्ये खोटा ठरवणाऱ्या तिघांपैकी एक होते शरदचंद्र शंकर श्रीखंडे, पुढे मुंबई विद्यापीठात गणित विभागाचे प्रमुख. न्यूयॉर्क टाइम्सने ती बातमी पहिल्या पानावर छापली होती. ते १०२ वर्षे जगले, आणि आपल्याकडच्या किती दुहेरी खेळणाऱ्यांना त्यांचे नाव माहीत आहे, असे विचारायचा मोह मी आवरतो.

तर, चार जोडपी असतील तर सहा सामने, पाच असतील तर दहा. सहा जोडप्यांची नावे आली की यादी बंद करू नये. सातव्या जोडप्याला फोन करावा. प्रत्येकाला सहा सामने मिळतील, एकूण एकवीस होतील, आणि सकाळी सातला सुरू केले तर दोन कोर्टांवर जेवायच्या आत आटोपेल. एखाद्या नवरा-बायकोला एकत्रच खेळायचे असेल, तर त्यांनी ते सोमवारी खेळावे.