पायांना कोण शिकवणार?

मंडळी, आज जरा भांडायचं आहे. तेही घरच्याच माणसांशी.

माझी नात टेक्सासमध्ये विमान चालवायला शिकते, हे नेहमीच्या वाचकांना ठाऊक आहेच. लायसन्स मिळालं, आता तिला टेलव्हील विमान शिकायचं आहे. म्हणजे पुढे दोन मोठी चाकं आणि शेपटीखाली एक छोटं चाक असलेलं जुन्या धाटणीचं विमान. त्यासाठी तिकडे प्रशिक्षकाची वेगळी सही लागते. चिरंजीव म्हणाले, "आई, तिला एअरलाइनमध्ये जायचंय. ही म्युझियममधली विमानं शिकून काय करणार?" आणखी दोन नातेवाईकांनी फोनवर री ओढली. मराठी माध्यमातून बीए झालेल्या बाईला विमानातलं काय कळतंय, असाही सूर होता.

नाही कळत फारसं. पण शिकवणं कळतं. आयुष्य त्यातच गेलं.

नातीने मला रविवारी समजावून सांगितलं. वैमानिकाच्या पायांशी दोन पेडल असतात, त्यांनी शेपटीवरचं सुकाणू, म्हणजे रडर, हलतं. उजवं दाबलं की नाक उजवीकडे. नाकाखाली चाक असलेल्या विमानाचं वजन मुख्य चाकांच्या पुढे असतं, त्यामुळे उतरताना थोडं वाकडं टेकलं तरी ते आपणहून सरळ होऊ बघतं. टेलव्हीलमध्ये वजन चाकांच्या मागे. जरा वाकडं झालं की मागचं वजन पुढे यायला धडपडतं, आणि पायांनी वेळीच आवरलं नाही तर विमान धावपट्टीवरच गिरकी घेतं. दुचाकी हातगाडी ओढली की मुकाट मागे येते, ढकलली की भलतीकडे वळते, तसंच. म्हणून पेडल थोडं दाबायचं, लगेच सोडायचं, आणि हे विमान पूर्ण थांबेपर्यंत चालू ठेवायचं.

माझं भांडण इथे सुरू होतं. पहिलं विमान विद्यार्थ्याची चूक झाकतं, दुसरं दाखवतं. एका वर्षी तपासणीच्या घाईत मी वह्यांमधले ऱ्हस्वदीर्घ स्वतःच दुरुस्त करून दिले होते. वह्या स्वच्छ झाल्या, मुलं होती तिथेच राहिली. वार्षिक परीक्षेत सगळं बाहेर आलं. ती माझी चूक होती, मुलांची नव्हे.

आणि हवा कुठे चाकं बघते? उजवीकडे वळायला पंख कलवला की नाक आधी डावीकडे जाऊ बघतं, ते पायानेच सावरायचं. वेग फार कमी झालेला आणि नाक तिरकं, अशा वेळी विमान गिरक्या घेत खाली येऊ शकतं. जमिनीजवळ मग सावरायला उंचीच उरत नाही.

जेआरडी टाटांनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून जुहूला टपाल आणलं ते पस मॉथ शेपूट टेकणारंच होतं. आपल्या कोल्हापूरकडच्या डॉ. वि. मा. घाटगे यांनी रचना केलेलं एचटी-२ हे विमान १९५१ साली उडालं, तेही टेलव्हील. हवाई दलातल्या कित्येकांनी पहिले धडे त्यावर गिरवले. फ्लाइंग क्लबांतलं पुष्पकही तसंच. तेव्हा दुसरी सोय नव्हती म्हणून पाय शिकले, हे खरं. पण सोय झाली म्हणून पायांनी निवृत्ती घ्यावी का?

चिरंजीव म्हणतात, मोठ्या जेटमध्ये बरंचसं काम यंत्रच करतं. मान्य. पण एका बाजूचं इंजिन बंद पडलं, किंवा आडव्या वाऱ्यात उतरायचं असलं, की पायच लागतात. तेही मोजून. १२ नोव्हेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कजवळ सहवैमानिकाने रडर गरज नसताना आलटून पालटून जोरात दाबलं, शेपटीचा उभा पंख तुटला आणि २६५ माणसं गेली. टेलव्हील शिकला असता तर हे टळलं असतं, असं मी म्हणत नाही. पण पायांना अंगवळणी पडलेली बेताची सवय हवी, एवढं यातून मला कळतं.

आमच्या नवी मुंबईच्या विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ पासून विमानं उडू लागली. पुढे बसलेल्या माणसाचे पाय कुठे शिकले, हे तिकिटावर छापत नाहीत.

असो. चिरंजीव हे वाचतीलच. टेलव्हीलच्या तासांचे पैसे आजीच्या पेन्शनमधून जाणार आहेत. विषय संपला.