दुसरी किल्ली

‘ते टेबल ज्यांच्याकडे आहे ते रजेवर आहेत, सोमवारी या.’ हे वाक्य ऐकले नाही असा माणूस आपल्याकडे विरळाच. खुर्ची रिकामी असते, कपाटाला कुलूप असते. शेजारच्या टेबलावरचा गृहस्थ सज्जन असतो, पण हात वर करतो. ‘त्यातलं मला काही माहीत नाही हो.’ आणि तो खोटे बोलत नसतो.

बँकेतल्या नोकरीमुळे मी या वाक्याच्या पलीकडच्या बाजूलाही बसलो आहे. नव्वदच्या दशकात तालुक्याच्या गावातील एका शाखेत माझ्याकडे पेन्शनचे काम होते. थकबाकीचा हिशेब, हयातीचे दाखले, कोणाचा कागद कुठे अडला आहे, सारे तोंडपाठ. एकदा वडिलांच्या आजारपणामुळे मी बारा दिवस रजेवर गेलो. परतलो तेव्हा सहकारी म्हणाले, ‘साहेब, तुमच्याशिवाय शाखा हलत नाही.’ खोटे कशाला सांगू, मला बरे वाटले. दुपारी एक वृद्ध बाई आल्या. पतीच्या निधनानंतरचे कुटुंब निवृत्तिवेतन सुरू व्हायचे होते. कागद पूर्ण होते, पण माझ्या खणात. बारा दिवसांत त्या एसटीने तीन हेलपाटे घालून गेल्या होत्या. त्यांनी तक्रार केली नाही. एवढेच विचारले, ‘तुमची तब्येत बरी आहे ना, भाऊ?’

बँकेची तिजोरी एकट्याला उघडता येत नाही, किल्ल्या दोघांकडे असतात. किल्ल्यांचा दुसरा जोड सीलबंद करून दुसरीकडे ठेवतात. किल्ली कोणी कोणाला दिली याची वहीत नोंद होते. पैशासाठी एवढी काळजी घेणाऱ्या आम्ही लोकांनी डोक्यातल्या माहितीची दुसरी किल्ली मात्र कधी केली नाही. २०००-०१ साली सरकारी बँकांतून सुमारे एक लाख कर्मचारी स्वेच्छानिवृत्ती घेऊन गेले. हारतुरे झाले, निरोपाची भाषणे झाली आणि कित्येक शाखांमधले कामाचे बारकावे त्यांच्याबरोबर घरी गेले.

ही केवळ गैरसोयीची गोष्ट नाही. जे काम एकाच माणसाला माहीत असते, ते तपासताही येत नाही. पंजाब नॅशनल बँकेच्या मुंबईतील ब्रॅडी हाऊस शाखेत २०१८ साली उघडकीस आलेले प्रकरण आठवा. संबंधित अधिकारी वर्षानुवर्षे एकाच विभागात होता. तो निवृत्त झाल्यावर हिरे व्यापाऱ्याच्या कंपन्यांची माणसे नेहमीसारखी हमीपत्रे मागायला आली. नव्या अधिकाऱ्यांनी नियमाप्रमाणे पूर्ण रक्कम तारण मागितली, तेव्हा ‘पूर्वी कधी लागत नव्हती’ असे उत्तर मिळाले. तेथून १३ हजार कोटींहून मोठ्या घोटाळ्याचा धागा सापडला. खुर्ची रिकामी झाली म्हणून सत्य बाहेर आले. संवेदनशील जागेवरील कर्मचाऱ्याला वर्षातून एकदा, पूर्वसूचना न देता, सलग किमान दहा कामकाजाच्या दिवसांची सक्तीची रजा द्यावी, असे रिझर्व्ह बँकेने २०२१ साली बँकांना सांगितले, त्यामागचे मर्म हेच.

सरकारी कचेऱ्यांसाठीही सोय आहे. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याच्या चौथ्या कलमाने प्रत्येक कार्यालयाला १२० दिवसांत १७ बाबी आपणहून प्रसिद्ध करायला सांगितल्या. निर्णय कोणत्या पद्धतीने होतो, कोणाची जबाबदारी काय, हे त्यांत येते. म्हणजे कार्यपद्धती लिहून ठेवणे ही साहेबांची हौस नाही, कायद्याने घातलेले बंधन आहे. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी कलमे उतरवून काढली जातात. अर्ज आल्यावर तो आधी कोणाकडे जातो, कुठे अडतो आणि अडला तर काय करायचे, हे वाचून नव्या माणसाला कळत नाही.

संगणक आल्याने हे मिटले, असे समजू नये. पूर्वी खणाची किल्ली खिशात असे, आता पासवर्ड डोक्यात असतो. आणि लिहायला लोक टाळतात त्याला कारण आहे. कागदावर उतरले की आपली किंमत गेली, ही भीती खरी आहे. ती घालवायची तर जो आपले काम दुसऱ्याला शिकवतो, त्याच्या गोपनीय अहवालात त्याबद्दल चार चांगले शब्द वरिष्ठांनी लिहिले पाहिजेत.

त्या बाई गेल्यावर मी दोनशे पानी वही आणली. कोणता कागद येतो, कुठे ठेवायचा, सही कोणाची, मुदत कधी, चूक कुठे होते, एवढे पाच रकाने आखले. आठ दिवसांनी ती वही एका नव्या लिपिक मुलीला दिली आणि म्हटले, मला काही न विचारता काम कर. संध्याकाळी ती वही घेऊन परत आली. ‘साहेब, इथे तुम्ही ‘नेहमीप्रमाणे’ असं लिहिलंय. नेहमीप्रमाणे म्हणजे काय?’ असे सात ‘नेहमीप्रमाणे’ तिने शोधून काढले. आमच्या कार्यालयांचा सगळा कारभार त्या एका शब्दात मावतो, हे मला त्या दिवशी कळले.

पुढच्या वर्षी पुन्हा रजेवर गेलो. शाखेतून एकदाही फोन आला नाही. पहिले दोन दिवस ते मनाला जरा लागले. तिसऱ्या दिवशी मात्र झोप छान लागली.