घरच्या मराठीला व्याकरण किती हवे?

घरीच शिकणाऱ्या कुशाग्र मुलाला व्याकरणाचा कोणता अभ्यासक्रम द्यावा, भारी की हलका, हा प्रश्न वरकरणी घरगुती वाटतो. परंतु भिलाईसारख्या ठिकाणी, जिथे घराचा उंबरठा ओलांडला की हिंदी आणि छत्तीसगढी यांचेच राज्य सुरू होते, तिथे त्या मुलाची मराठी टिकणार की नाही, हेच या निवडीवर अवलंबून असू शकते.

सोव्हिएत सहकार्याने उभारलेल्या येथील पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. त्या नोकरीच्या निमित्ताने येथे आलेल्या मराठी कुटुंबांची आता तिसरी पिढी वाढत आहे. माझ्या एका स्नेह्यांची दहा वर्षांची नात अशाच घरातील. आईवडिलांनी विचारपूर्वक तिला शाळेत न घालता घरी शिकविण्याचे ठरविले. हिंदी, इंग्रजी व गणित यांत ती वयाच्या मानाने बरीच पुढे आहे. मराठीचे काम आजोबांकडे आले आणि पुस्तक निवडण्याचा सल्ला त्यांनी मला विचारला. एवढ्या हुशार मुलीला हलके पुस्तक कशाला, असे म्हणून मी वरच्या इयत्तांचे चांगले जाडजूड व्याकरण सुचविले.

चार महिन्यांत ती समास सोडवू लागली, कर्मणी आणि भावे प्रयोग वेगळे ओळखू लागली. आजोबा प्रसन्न होते. मात्र वर्ध्याच्या मावशीआजीला दर पंधरवड्याला जाणारे तिचे पत्र याच काळात थांबले. कारण विचारता तिने एवढेच सांगितले, “चुकेल म्हणून नाही लिहिले.” सल्ला देणारा या नात्याने हे उत्तर मला लागले.

नंतर मी तिची जुनी पत्रे मागवून वाचली. त्यांत ‘चहा गार झाली’, ‘पुस्तक चांगली आहे’, ‘रात्री आवाज आली’ अशी वाक्ये होती; ‘बागेत’ऐवजी ‘बागमध्ये’ आणि ‘विहिरीत’ऐवजी ‘विहीरमध्ये’ होते. एका पत्रात ‘उन्हाळ्यात आम्ही सगळे आंबे खाऊ’ असे होते. तिच्या मनात मावशीआजीही त्या ‘सगळ्यां’त होती, पण ‘आम्ही’ म्हटल्याने ती बिचारी बाहेर राहिली. तेथे ‘आपण’ हवे होते. हिंदीतील ‘हम’ हा एकच शब्द दोन्ही अर्थांचे काम करतो, म्हणून हा भेद तिच्या कानी कधी आलाच नव्हता. या चुकांपैकी एकही बहुव्रीही समास न येण्यामुळे झालेली नव्हती.

येथेच माझ्या मूळ भूमिकेतील दोष दिसून येतो. तल्लख मूल संज्ञा चटकन पाठ करते आणि आपण त्या पाठांतरालाच भाषाज्ञान समजून बसतो. वास्तविक ज्याला भाषा ऐकून येते, त्याला तिचे बहुतेक नियम नकळत येतच असतात. जेथे शेजारची भाषा त्याला ओढून नेते, तेवढ्याच जागी त्याला आधार हवा असतो. भिलाईतील मुलापुरते बोलायचे, तर अशा जागा तीन: मराठीतील तिसरे लिंग व हिंदीहून वेगळी पडणारी लिंगे, प्रत्ययापूर्वी होणारे सामान्यरूप, आणि ‘आम्ही-आपण’ हा भेद. यांच्या जोडीला मराठी साहित्य महामंडळाचे १९६२ व १९७२ चे लेखनविषयक नियम, तेही लिहिता लिहिता, एकेक करून. ‘मी येऊन राहिले’ हा प्रयोग मात्र चुकीत धरू नये. तो वऱ्हाडकडचा आहे. तो कोठे शोभतो आणि कोठे नाही, एवढे मुलीला सांगितले की पुरे.

हलका अभ्यासक्रम म्हणजे ढिलाई, असा आक्षेप घेतला जाईल. परंतु मराठीचे पाणिनी म्हणून गौरविलेल्या दादोबा पांडुरंगांनी १८३६ मध्ये मोठे व्याकरण प्रसिद्ध केले आणि पुढे त्यांनीच लघुव्याकरणही लिहिले. लघुत्वात त्यांना कमीपणा वाटला नाही. शिवाय शालेय पुस्तके ज्या गोष्टी निश्चित म्हणून सांगतात, त्या विद्वानांमध्ये तितक्या निश्चित नाहीत. मोरो केशव दामले यांच्या १९११ च्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’नंतरही अरविंद मंगरूळकरांना १९६४ मध्ये या व्याकरणाचा पुनर्विचार करावासा वाटला. विभक्ती रूपावरून ठरवावी की अर्थावरून, हा वाद जुनाच आहे. जे प्रौढांना वादग्रस्त वाटते, ते दहा वर्षांच्या मुलीने निर्विवाद सत्य म्हणून घोकावे, यात शिस्त कोणती?

दामल्यांचा ग्रंथ तिच्या हाती पडू नये, असे मी म्हणत नाही. उलट तो पडलाच पाहिजे. पण भरपूर वाचन झाल्यावर, आणि असे का, हा प्रश्न तिच्याच तोंडून आल्यावर. त्या दिवशी तो ग्रंथ तिला ओझे न वाटता मेजवानी वाटेल.

येथून जवळच्या राजनांदगावी गजानन माधव मुक्तिबोध १९५८ पासून प्राध्यापक होते. घर मराठी, कविता हिंदी. त्यांचे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध मात्र मराठीचे कवी झाले. एकाच घरातील दोघे दोन भाषांत मोठे झाले, यात कोणाचाही पराभव नाही. परंतु दोन्ही वाटा खुल्या असल्या तरच निवडीला अर्थ राहतो. चुकण्याच्या भयाने मुलीची लेखणी थांबली, तर तिच्यासाठी निवड आपणच करून टाकलेली असते.

आता ते जाड पुस्तक कपाटात ठेवले आहे. आजोबा आठवड्यातून दोनदा वीस मिनिटे व्याकरण घेतात, बाकी वेळ दोघे गोष्टी वाचतात. पत्रातील चुका पत्रावर खुणा न करता पुढच्या पाठात घ्यावयाच्या, असे ठरले आहे. गेल्या महिन्यात वर्ध्याला पत्र गेले. त्यात ‘आवाज’ अजून स्त्रीलिंगीच आहे. पण आंबे आता ‘आपण’ खाणार आहोत.