घाटावरचा मुलूख

‘बालाघाट’ या नावातील ‘बाला’ हा फारसी शब्द असून त्याचा अर्थ ‘वरचा’ असा होतो. मोगल आणि निजामी कारभारात घाट चढून गेल्यावर लागणाऱ्या मुलखास बालाघाट व घाटाखालच्या मुलखास पाईनघाट म्हणण्याची रीत होती, आणि वऱ्हाडाचेही असे दोन भाग कागदोपत्री नोंदले जात. हरिश्चंद्रगडाकडून आग्नेयेस निघून अहिल्यानगर, बीड, धाराशिव अशी येत लातूर-नांदेडात पसरणारी ही रांग आपल्या नावातच चढून येणाऱ्या वाटसरूला सामावून घेते. तिची खरी ओळख पायाला किंवा सायकलच्या पायट्यालाच पटते, कारण डोळ्यांना ती पुष्कळदा डोंगर म्हणून दिसतच नाही.

युरोपातील आल्प्स पर्वतात सायकलस्वार ज्या खिंडींसाठी जातात, त्यांची घडण निराळी आहे. आल्प्स हा वलित पर्वत, म्हणजे भूकवचाचे तुकडे एकमेकांवर रेटले जाऊन खडकांच्या घड्या पडल्याने उभा राहिलेला पर्वत असल्यामुळे तेथील खिंडीला दोन उतार असतात: एका दरीतून चढायचे, माथ्यावर दम घ्यायचा आणि दुसऱ्या दरीत उतरायचे. इटलीतील स्टेल्व्हिओ खिंड २,७५७ मीटर उंचीवर आहे, आणि १८२० ते १८२५ या काळात बांधलेल्या तिच्या रस्त्यावर एकाच बाजूला ४८ वळसे आहेत. बालाघाटाचा जन्म मात्र थरांतून झाला. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून वाहत आलेला लाव्हा एकावर एक साचून दख्खनचे पठार तयार झाले आणि पुढे नद्यांनी ते पायऱ्यापायऱ्यांनी कापले. त्यामुळे येथील घाट जिन्याच्या पायरीसारखा आहे, आणि तो चढल्यावर समोर उतार येण्याऐवजी क्षितिजापर्यंत तूर, हरभरा आणि ज्वारीचे रान लागते.

नांदेड शहर गोदावरीकाठी समुद्रसपाटीपासून सुमारे ३६० मीटरवर, तर लातूर जिल्ह्याचे पठार ५४० ते ६३८ मीटरवर आहे. नांदेडहून लोहा, माळेगाव, अहमदपूर, चाकूर असा लातूरकडे जाणारा महामार्ग हा फरक इतक्या लांबीत वाटून टाकतो की मोटारीतल्या माणसाला चढाची दखलही घ्यावी लागत नाही. चढाची टक्केवारी, म्हणजे शंभर मीटर पुढे जाताना रस्ता किती मीटर वर जातो ते प्रमाण, येथे बहुतेक ठिकाणी एक-दोनच्या आत राहते. पण सायकलस्वाराला सपाट दिसणाऱ्या रस्त्यावर पाय जड झाल्याचे जाणवते, तो समोरून वारा आहे का पाहतो, वारा नसतो, आणि गिअर उतरवताना त्याला कळते की वाट वर चालली आहे. या वाटेवर कोठेतरी तो जलविभाजक, म्हणजे दोन नद्यांचे पाणलोट वेगळे करणारा उंचवटा, ओलांडतो. नांदेडच्या बाजूला पडलेला पाऊस थेट गोदावरीत जातो, पलीकडचा मन्याड नदीला मिळतो, आणि आणखी पुढे चाकूर तालुक्यात वडवळजवळ उगम पावणाऱ्या घरणी नदीतून तो मांजरा नदीकडे वळतो. घाटमाथ्याची पाटी लावावी असे एकही ठिकाण या वाटेवर दिसत नाही, तरी पाण्याच्या हिशेबाने ती खिंडच आहे.

या प्रदेशात फिरण्याचा काळ कार्तिक ते माघ. मार्गशीर्षाच्या अमावास्येला लातूर-धाराशिवकडे वेळ अमावास्या, बोलीत यळवस, साजरी होते; त्या दिवशी शहरांच्या पेठा ओस पडतात आणि शेतांत कडब्याच्या कोपी, म्हणजे कडब्याच्या पेंढ्यांची छोटी खोपटी, उभ्या करून त्यांत पाच पांडवांची पूजा मांडली जाते. अशा दिवशी बांधाशेजारून सायकल नेणाऱ्याला हाक घालून आंबील आणि भज्जी खायला बसवणे हा येथील रिवाज आहे, आणि डोंगरी प्रवासाच्या कोणत्याही विश्रामगृहात याच्या तोडीचे आतिथ्य मिळणे कठीण.

पावसाळ्यात हीच जमीन परीक्षा पाहते. पांदण, म्हणजे दोन्हीकडच्या शेतांमधून जाणारी गाडीवाट, काळ्या मातीची असेल तर चाकाचे दहा-वीस फेरे होताच चिखलाची जाड पोळी टायरवर चढते, ती मडगार्डात ठासून बसते आणि सायकल ढकलूनही पुढे सरकत नाही; बाभळीच्या काडीने चिखल उकरून काढावा आणि पन्नास पावलांवर पुन्हा तेच करावे लागते. पाऊस ओसरून वाट वाळली की सराट्याची पाळी येते. जमिनीसरपट वाढणाऱ्या या वेलीचे फळ फुटले की त्याचा प्रत्येक तुकडा असा पडतो की एक काटा वर राहतोच, आणि बारीक छिद्रातून हवा इतकी हळू जाते की पंक्चर झाल्याचे दोन गावे ओलांडल्यावर समजते.

पायी चढण्याजोग्या जागांना लातूर जिल्ह्यात ‘बेट’ म्हणतात, हा शब्दही लक्षात घेण्यासारखा आहे. उदगीर तालुक्यातील हत्तीबेट किंवा औषधी वनस्पतींसाठी ओळखले जाणारे वडवळ नागनाथचे बेट यांना पाण्याचा वेढा नाही. सपाट रानातून सुटी उभी राहिलेली टेकडी लोकांना समुद्रातल्या बेटासारखी दिसली. औसा तालुक्यातील खरोसा येथे डोंगराचा माथा जांभ्याचा आहे आणि लेणी त्याच खडकात कोरली आहेत. जांभा म्हणजे कोकणच असे मानणाऱ्याने ती आवर्जून पाहावीत. नांदेड जिल्ह्याच्या उत्तर टोकाला माहूरचा मुलूख निराळ्या रांगेतला आणि अधिक रानाचा आहे. रेणुकामाता, दत्तशिखर आणि अनसूयामाता या शिखरांची वाट भाविक पिढ्यान्‌पिढ्या चढत आले आहेत, श्रावणी पौर्णिमेला गडाची परिक्रमा होते, आणि ‘गिर्यारोहण’ हा शब्द रूढ होण्याच्या कितीतरी आधीपासून मराठवाड्यातील सामान्य माणूस डोंगर चालत होता याचा हा रोकडा पुरावा आहे.

आल्प्समधील बहुतेक तळी हिमनद्यांनी खडक कोरून केलेल्या खळग्यांत साठली. येथील तळी माणसाने बांधली. कंधारच्या किल्ल्यालगतचा जगत्तुंग समुद्र राष्ट्रकूट काळातील असून त्याचा उल्लेख शिलालेखात आहे. ‘जगत्तुंग’ हे राष्ट्रकूट राजांचे बिरुद, आणि तळ्याला ‘समुद्र’ म्हणणे ही त्या काळची रीत. समुद्रापासून शेकडो कोस दूर असलेल्या कोरड्या मुलखात पाण्याला दिलेले हे नाव अतिशयोक्तीपेक्षा कृतज्ञतेने दिलेले वाटते. मन्याडीवर बारूळ आणि लिंबोटी येथे, तर मांजरेवर केज तालुक्यातील धनेगाव येथे आधुनिक धरणे आहेत. यांपैकी धनेगावच्या जलाशयावर लातूर शहराची तहान अवलंबून आहे; तो आटल्यावर १२ एप्रिल २०१६ रोजी पाच लाख लिटर पाणी घेऊन मिरजेहून पहिली रेल्वे लातूरला पोहोचली, आणि त्याच वर्षीच्या पावसाळ्याच्या अखेरीस धरण भरले. आल्प्सचे तळे पाहणाऱ्याच्या मनात ते पुढच्या वर्षी असेल की नाही हा प्रश्न क्वचितच येत असेल. येथील काठावर उभ्या राहणाऱ्याची नजर पहिल्यांदा भिंतीवरच्या पाणीपातळीच्या आकड्यांकडे जाते.

या मुलखातील वाटांची आखणी करताना सायकलस्वार आणि पायी चालणारा यांचा विचार व्हायला हवा. महामार्ग रुंद होताना उंचवटे कापले जातात, ऊस वाहणाऱ्या जोडट्रॉल्यांना वाट मिळते, पण डांबराच्या कडेला सायकलपुरती हातभर जागा राखलेली क्वचितच दिसते. तळ्यांच्या बांधावरून जाणाऱ्या जुन्या वाटा आणि पांदणी मोकळ्या ठेवल्या तर नव्या रस्त्याची गरजही फारशी पडणार नाही.

नांदेड-लातूर वाटेवरच्या त्या उंचवट्यावर वेगळे झालेले पाणी पुढे एकत्र येते. मन्याड मांजरेला मिळते. बालाघाटात उगम पावून कर्नाटकात आणि तेलंगणात गेलेली मांजरा उत्तरेकडे वळते, आणि नांदेड जिल्ह्याच्या सीमेवर, निजामाबादच्या बाजूला असलेल्या कंदकुर्ती गावाजवळ गोदावरीत शिरते. नांदेडच्या घाटावरून निघालेले पाणी तेथे सरळ वाटेने पोहोचलेले असते. मांजरेचे पाणी तीन राज्ये हिंडून, सातशेहून अधिक किलोमीटर चालून येते.