कर्जमाफी मागता आन् समुद्र पाहाले जाता?

पोस्ट मोठी आहे. वेळ असेल तरच वाचा, पण अर्धी वाचून कमेंट करू नका एवढी विनंती.

आपल्या बाभुळगावातल्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर दिवाळीनंतर एक फोटो पडला. नवरा-बायको आणि दोन लेकरं, मागे समुद्र. बाईनं साडी घोट्याच्या वर धरलेली, पोरगी पाण्याकडे पाठ करून हसते आहे. फोटो तिच्या दिरानं कौतुकानं टाकला होता. नेमके तेच दिवस, 28 ऑक्टोबरच्या आसपासचे, जेव्हा नागपूरला बच्चू कडूंच्या नेतृत्वात कर्जमाफीसाठी शेतकरी महामार्गावर बसले होते. झालं. पहिली कमेंट आली, "कर्जमाफी मागता आन् समुद्र पाहाले जाता?" त्याखाली हसण्याचे पंधरा-वीस इमोजी. मग एक सर बोलले, "मंदीच्या काळात ही उधळपट्टी बरी नव्हे." कोणी लिहिलं, "आमच्या टॅक्सवर फिरा." संध्याकाळपर्यंत दिरानं फोटो डिलीट केला.

मी त्या ग्रुपमध्ये आहे. त्या दिवशी गप्प बसलो. आज लिहितोय ते त्याची भरपाई म्हणून समजा. त्या माणसाला विचारूनच लिहितोय. नाव-गाव देणार नाही, तुम्हीही खाली देऊ नका.

आधी हिशेब. आपल्याकडे सगळ्यांना दुसऱ्याच्या खिशाचा हिशेब फार आवडतो, तर होऊन जाऊ दे.

हे चौघं धामणगावहून स्लीपरनं कल्याणला गेले. तिथं बहिणीच्या दोन खोल्यांच्या घरी उतरले. लोकलनं फिरले, गिरगाव चौपाटी पाहिली, गेटवेवरून लाँचनं घारापुरीला जाऊन आले. चार दिवस. जाणं-येणं, खाणं, बहिणीच्या लेकरांसाठी नेलेला खाऊ, सगळं धरून साडेअकरा हजारांच्या आत. पैसे कुठून आले? बाईनं लाडकी बहीणचे आठ महिन्यांचे दीड-दीड हजार खात्यावरच राहू दिले होते. बारा हजार. म्हणजे कर्ज काढलं नाही, सावकाराकडं गेले नाहीत, बी-बियाण्याच्या पैशाला हात लावला नाही.

आता त्याच घराच्या शेताचा हिशेब. तीन एकर कापूस, दोन एकर सोयाबीन. बऱ्या वर्षी कापूस चोवीस क्विंटलपर्यंत जातो, यंदा अतिवृष्टीत बोंडं सडली, बारा झाला तरी नशीब. लांब धाग्याचा हमीभाव यंदा 8,110 रुपये. पण त्या भावानं विकायचं तर कपास किसान ॲपवर नोंदणी पाहिजे, सातबाऱ्यावर पेरा पाहिजे, आणि कापसात ओलावा बारा टक्क्यांच्या आत पाहिजे. यंदाच्या पावसात बारा टक्के म्हणजे काय हे ज्यानं घरात पंखा लावून कापूस वाळवला त्याला विचारा. हात तंग असलेला माणूस शेवटी खेड्यावर गाडी घेऊन येणाऱ्या व्यापाऱ्याला देतो, क्विंटलमागे हजार-बाराशे कमी घेऊन. बारा क्विंटलवर हजार रुपये म्हणजे बारा हजार. घ्या, एक अख्खी मुंबई ट्रिप व्यापाऱ्याच्या काट्यावरच गेली. त्यावर ग्रुपमध्ये कोणी म्हटलं का, ही उधळपट्टी बरी नव्हे?

त्यात 19 ऑगस्टपासून परदेशी कापसावरचं 11 टक्के आयात शुल्क काढून टाकलं. आधी सप्टेंबरअखेरपर्यंत म्हणाले, मग डिसेंबरअखेरपर्यंत वाढवलं. म्हणजे नेमका आपला कापूस बाजारात येण्याचा काळ. सोयाबीनचा हमीभाव 5,328, हातात किती पडले ते तुमचं तुम्हाला माहीत आहे. या घराचं दिवाळं निघालंच तर ते या आकड्यांनी निघेल. गिरगावच्या भेळेनं नाही.

"पण वेचणीच्या दिवसात कोण जातं?" असंही एकानं विचारलं. शेतात चिखल होता साहेब. वेचायला काही असतं तर ते गेले नसते.

खरी गोष्ट वेगळीच आहे. आपल्याला त्या फोटोतला खर्च टोचला नाही. आपल्याला ते हसणं टोचलं.

हे मी खात्रीनं सांगतो, कारण या धंद्यात मीही आहे. यवतमाळ जिल्हा म्हटलं की बाहेरच्यांना एकच गोष्ट आठवते. वीस-बावीस वर्षं झाली, मुंबई-दिल्लीचे कॅमेरे येतात आणि तालुक्याच्या पत्रकाराला फोन करतात, "एखादं घर दाखवा ना, बाई बोलणारी पाहिजे." बोलणारी म्हणजे रडणारी. मी अशी घरं दाखवली आहेत. बांधावर बसलेल्या माणसाला "काका, डोक्याला हात लावा जरा" असंही सांगितलं आहे. फोटो पहिल्या पानावर आला तेव्हा मला बरंही वाटलं होतं. पंधरा वर्षांपूर्वीची गोष्ट, पण अजून टोचते. त्या काकांनी हात लावला, फोटो झाला, आणि मग चहा पिताना ते मस्त हसले. तो फोटो मी काढला नाही.

आपण सगळ्यांनी मिळून अट घालून ठेवली आहे की ज्याला मदत पाहिजे त्यानं हसायचं नाही, नवं लुगडं नेसायचं नाही, पोरांना कुठं न्यायचं नाही. सरकारनं 7 ऑक्टोबरला 31,628 कोटींचं पॅकेज जाहीर केलं, त्यातले कोणाच्या खात्यात किती आले हा प्रश्न विचारायचा सोडून आपण विचारतो, याच्याकडे लाँचच्या तिकिटाला पैसे कसे?

आणि हे विचारतं कोण? ज्यांच्या पगारात एलटीसी आहे ते. पगारदारांशी माझं भांडण नाही, पण आठवण करून देतो. 2019 मध्ये बाजार थंड होता, गाड्या खपत नव्हत्या, तेव्हा 15 ऑगस्टला लाल किल्ल्यावरून पंतप्रधानांनी सांगितलं की 2022 पर्यंत देशातली किमान पंधरा पर्यटनस्थळं पाहा. ऑक्टोबर 2020 मध्ये प्रवासच बंद होता, तर सरकारनं कर्मचाऱ्यांना म्हटलं, फिरू नका पण एलटीसीच्या पैशात वस्तू घ्या. या सप्टेंबरमध्ये साडेसात हजारांपर्यंतच्या हॉटेल खोलीवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्के झाला. म्हणजे मंदीत पगारदार फिरला की ते देशाचं काम, आणि कास्तकार फिरला की ती उधळपट्टी?

एकाचा खर्च म्हणजे दुसऱ्याची कमाई असते, हे आपण लॉकडाऊनमध्ये पाहिलं. कळंबला चिंतामणीच्या देवळासमोरच्या नारळ-फुलवाल्या बायका, माहूरच्या पायथ्याचे ऑटोवाले, शेगावच्या रस्त्यावरचे ढाबे, टिपेश्वरचे जिप्सीवाले आणि गाईड. यांची मंदी कोणत्याही अर्थतज्ज्ञाच्या आधी सुरू होते. आपण सगळ्यांनीच "यंदा नको" म्हटलं तर त्यांच्या घरची चूल आधी विझते.

आता दुसरी बाजू, कारण कोणी तरी काढणारच. सगळ्याच सहली बरोबर, असं मी म्हणत नाही. मी स्वतः 2017 मध्ये एका पतसंस्थेतून चाळीस हजार काढून घरच्यांना गोव्याला नेलं. मित्र जात होते, आपण मागे कसे राहायचं, हे त्यामागचं शहाणपण. चोवीस हप्ते. शेवटचा हप्ता भरला तेव्हा ज्या मोबाईलमध्ये गोव्याचे फोटो होते तो मोबाईल बिघडून गेला होता. चार दिवस फिरलो आणि दोन वर्षं दर महिन्याच्या दहा तारखेला घरात भांडण. आता तर मोबाईलवरच "आधी फिरा, नंतर भरा" अशा जाहिराती येतात. अंगठा दाबला की झालं. त्या वाटेनं जाऊ नका. पडत्या काळात हप्त्यावरची ट्रिप म्हणजे गळफास आहे, मग तुम्ही मास्तर असा की कास्तकार. माझी हरकत कर्जाला आहे, फिरण्याला नाही.

माझी परिस्थितीही सांगून टाकतो, नाहीतर म्हणाल याला बोलायला काय जातं. तालुका प्रतिनिधीचं मानधन किती असतं ते विचारू नका, घर चालतं जाहिरातीच्या कमिशनवर. यंदा दिवाळी पुरवणीला गेल्या वर्षीच्या निम्म्या जाहिराती मिळाल्या. कापडवाला म्हणाला गिऱ्हाईक नाही, कृषी केंद्रवाला म्हणाला उधारीच सुटली नाही. कास्तकाराच्या हातात पैसा नाही म्हणजे गावात कोणाच्याच हातात नाही. तरी डिसेंबरात एक रविवार आम्ही माहूरला जाणार, एसटीनं. बायकोला अर्धं तिकीट, आईला 75 च्या वर म्हणून फुकट, मला पूर्ण. जानेवारीत भाडं जवळपास पंधरा टक्के वाढलं तरी परवडतं. भाकरी-चटणी घरून.

या अर्ध्या तिकिटावरही आपल्याकडं काय कमी जोक झाले? मार्च 2023 मध्ये महिलांना सवलत लागली आणि पारावरचे लोक म्हणाले, आता बायका घरात राहत नाहीत. अरे, ती बाई वर्षभर कुठं जाते? दवाखान्यात, बाजारात आणि मयतीला. माहेरी जायची ती दिवाळीला, तेही भाऊ न्यायला आला तर. कोणाच्या तरी वावरात किलोवर कापूस वेचून कमरेचा काटा ढिला झालेली बाई एसटीच्या खिडकीत बसून दोन तास बाहेर पाहते, यानं कोणाचं काय जातं?

देवाला जायचं म्हटलं तर आपण काही म्हणत नाही, हे मात्र खरं. वर्धा नदीच्या काठावरच्या कौंडण्यपुराहून रुक्मिणीची पालखी पंढरपूरला जाते, चारशेहून जास्त वर्षांची परंपरा सांगतात. एवढ्या वर्षांत काय कमी दुष्काळ पडले? महिनाभर शेत सोडून चालणाऱ्या माणसाला कोणी विचारत नाही, तुला परवडतं का. विचारूही नये. आपल्या आजे-पणज्यांनी बरोबर ओळखलं होतं की वर्षातून एकदा माणसानं वावराच्या बाहेर पडलं पाहिजे, पीक येवो न येवो. मग समुद्र पाहणाऱ्या बाईलाच हा प्रश्न का? देव नव्हता म्हणून?

लग्नात डीजे आणि पाचशे-हजारांची पंगत, त्यासाठी विकलेलं एकर-दीड एकर, नेत्याच्या वाढदिवसाचे चौकातले बॅनर, तेराव्याचं जेवण. यावर तोच ग्रुप टाळ्या वाजवतो, अभिनंदन आणि भावपूर्ण श्रद्धांजली लिहितो. यातल्या एका डीजेच्या पैशात ते कुटुंब चार वेळा मुंबईला जाऊन आलं असतं.

मी त्या बाईला भेटलो तेव्हा ती पऱ्हाटीचा भारा टाकून नुकतीच आली होती. म्हणाली, "भाऊ, आमी काय चोरी केली काय? पोरीच्या पुस्तकात समुद्र होता, तिनं इचारलं, आई, तू पाह्यला काय? मी म्हनलं नाई. तिच्या बापानंबी पाह्यला नोता." मग थोडा वेळ गप्प राहून म्हणाली, "आता त्यायनं फोटो काढून टाकला. पोरगी इचारते, आपण काई वाईट केलं का?"

या प्रश्नाचं उत्तर त्या ग्रुपवरच्या सरांनी द्यावं. ते शिकवतात.

हे सगळं आत्ताच लिहायचं दुसरं कारण. शाळांच्या सहलींचा हंगाम आला आहे. एसटी शैक्षणिक सहलीला निम्म्या भाड्यात गाडी देते. तरी आपल्या तालुक्यातल्या एका शाळेत चर्चा सुरू आहे की यंदा पालकांची परिस्थिती नाही, सहलच रद्द करा, म्हणजे कोणाचं पोरगं मागे राहिलं असं दिसणार नाही. हेतू चांगला आहे, मान्य. पण होतं काय? ज्यांच्याकडं कार आहे त्यांची पोरं मे महिन्यात महाबळेश्वरला जातीलच. ज्यांच्या घरून कोणीच कधी कुठं नेणार नाही, त्यांची एकुलती एक संधी जाते. माझी पहिली सहल सातवीत, शेगाव आणि लोणार. बापानं तूर विकून पैसे दिले होते. लोणारचं सरोवर पाहून मी वहीत जे लिहिलं ते माझं पहिलं लिखाण.

रद्द करू नका, लहान करा. तीन दिवसांची कोकण सहल नको, एका दिवसाचं टिपेश्वर किंवा माहूर करा. पहाटे निघा, रात्री परत. जे देऊ शकत नाहीत त्यांचे पैसे माजी विद्यार्थ्यांनी भरावेत, कोणाचे भरले ते वर्गात कोणाला कळू देऊ नका. आणि बॅनर लावू नका, हात जोडतो.

बुधवारी शाळेत पालकांची बैठक आहे. मी जाणार आहे, पाच पोरांचे पैसे घेऊन. दोघा मित्रांनी तीन-तीन पोरांचे कबूल केले आहेत. अजून कोणाला द्यायचे असतील तर इनबॉक्समध्ये सांगा, कमेंटमध्ये नको. आणि त्या दिराला माझं सांगणं आहे, तो फोटो परत टाक.