पिसारा उतरलेला मोर

दिवाळीच्या सुटींत आमच्या घरचीं मुलें शिरूर तालुक्यांतील मोराची चिंचोली पाहून आलीं, तीं हिरमुसूनच. मोर दिसले, परंतु पिसारा एकाचाही नव्हता! धाकट्यानें तर निकालच देऊन टाकला, कीं कोणी दुष्टानें पिसें उपटून बाजारांत विकलीं. आणि देवघरांतील बाळकृष्णामागचें मोरपीस काढून टाका, असा हट्ट धरला. आजीबाईंना हें कसें रुचावें? दोन दिवस एका पिसावरून घरांत तट पडले होते. तेव्हां या महिन्याचें पान त्याच विषयास देणें आम्हांस भाग आहे.

पिसारा म्हणजे मोराचें शेपूट नव्हे. खरें शेपूट वीस आखूड, तपकिरी पिसांचें असतें. तें पिसाऱ्याखालीं दडलेलें असतें व पिसारा उभारतांना त्यास टेकू देतें. पिसारा बनतो तो शेपटाच्या मुळावरील पाठीकडच्या पिसांचा. हीं पिसें दीडशेंच्या आसपास असतात, आणि तीं पुरतीं वाढावयास पिलाला तीन-चार वर्षें लागतात. पावसाळा हा मोरांच्या विणीचा हंगाम. तो सरत आला, दिवसमान आखूड होऊं लागलें, कीं हीं पिसें आपोआप गळूं लागतात. पुन्हा भरघोस पिसारा पाहावयाचा तर फाल्गुन-चैत्र उजाडावा लागतो. चिंचोलीच्या मोरांना कोणी लुटलें नव्हतें; आमचीं मुलेंच अवेळीं गेलीं होतीं.

येथें एक नवलाची गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. लांडोरीला पिसारा नसतो तो तिच्या स्त्रीग्रंथींच्या स्रावामुळें. उतारवयांत हा स्राव आटला, म्हणजे क्वचित् एखादी लांडोरही पिसारा धारण करते. अशी एक लांडोर जॉन हंटर या स्कॉटिश शस्त्रवैद्यानें 1780 साली नोंदून ठेविली आहे. पिसारा हें नराचें खास देणें, अशी आमची आजवर समजूत होती. ती आतां सोडावी लागते!

हंगामापुरतें रूप पालटणारा मोर एकटाच नाहीं. दौंडकडे भीमेच्या कांठच्या डबक्यांत पहिल्या मोठ्या पावसाबरोबर हळदीसारखे पिवळे बेडूक दिसूं लागतात, त्यांस कित्येक लोक विषारी समजतात. ते आपले नेहमींचेच मोठे बेडूक. नरांचा रंग तेवढा माद्यांसाठीं पिवळा होतो आणि गळ्याशीं निळे फुगे येतात. थोड्याच दिवसांत स्वारी पुन्हा मातकट हिरवी. पण उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील सॉकाय सॅमन माशाला अशी परतफेड नाहीं. समुद्रांत रुपेरी असलेला नर अंडीं घालण्याच्या वेळीं नदींत शिरला, कीं अंग तांबडेंलाल, डोकें हिरवें, पाठीवर उंचवटा आणि जबडा आंकड्यासारखा वांकडा होतो. अन्न तर तो सोडतोच; आणि वीण आटोपली, कीं थोड्याच दिवसांत मरतो. त्या मानानें आमचा मोर शहाणा म्हणावयाचा. दागिने उतरवून ठेवतो आणि पुढल्या वर्षीं पुन्हा घालतो.

आतां देवघराचा प्रश्न. मोर 1963 पासून राष्ट्रीय पक्षी आहे, आणि 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वयें त्यास मारणें हा गंभीर गुन्हा आहे. आपोआप गळलेलें पीस घरीं ठेवण्यास मात्र आडकाठी नाहीं. गळलेल्या पिसाचें बूड कोरडें व स्वच्छ असतें. उपटलेल्याच्या बुडाशीं रक्तामांसाचा अंश राहतो. म्हणूनच बूड कापलेलें पीस कोणी विकावयास आणलें, तर आमच्या भगिनींनीं तें घेऊं नये.

हें वाचून दाखविल्यावर आजीबाईंनीं चष्मा लावून आमचें पीस उलटेंपालटें करून पाहिलें. त्याचें बूड कापलेलें निघालें. कोणी, केव्हां आणलें, हें आतां कोणास ठाऊक नाहीं. त्या कांहीं बोलल्या नाहींत. पीस कपाटांत गेलें आहे, आणि येत्या भाद्रपदांत चिंचोलीच्या शेतांतून मुलांनीं स्वतः वेंचून आणावें, असें ठरलें आहे.